तलवार, गोळी आणि कसोटी

गेल्या वर्षी आपल्या विद्यालयाच्या वरच्या वर्गांची सहल सालारजंग संग्रहालय पाहण्यास गेली होती. हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना हे संग्रहालय काही नवीन नाही. १९५१ साली ते लोकांस खुले झाले आणि १९६८ साली मुसा नदीकाठच्या आजच्या वास्तूत आले. घरी पाहुणा आला की त्याला चारमिनार आणि सालारजंग दाखविल्यावाचून आपले आतिथ्य पुरे झाले असे आपणांस वाटत नाही. तेथील शस्त्रांच्या दालनात मुले रेंगाळली, हे स्वाभाविकच होते. परंतु जपानी वस्तूंमध्ये ठेवलेल्या सामुराई तलवारींपुढे ती जी खिळून राहिली, ती घंटा झाली तरी हलेनात. जपानी लोक या लांब, किंचित वक्र, एकधारी तलवारीस ‘काताना’ म्हणतात.

सहलीनंतर थोड्याच दिवसांनी वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता, ‘जुनी कारागिरी आणि आधुनिक यंत्रे’. दहावीच्या एका विद्यार्थ्याने आपल्या भाषणात भ्रमणध्वनीवर पाहिलेल्या एका चित्रफितीचे वर्णन केले. काताना शिकंजात घट्ट बसविलेली आहे, तिची धार पिस्तुलाच्या समोर आहे, गोळी सुटते, धारेवर आदळते आणि तिचे सरळ दोन तुकडे होतात. तलवारीला मात्र काहीच होत नाही! “ज्या तलवारीने बंदुकीची गोळी कापली, तिच्यापुढे यंत्रयुगाची काय मातब्बरी?” असा त्याने शेवटी सवाल केला आणि सभागृह टाळ्यांनी दणाणून गेले. आम्ही परीक्षक मंडळींनी एकमताने त्याला पहिले पारितोषिक दिले.

समारंभ आटोपून आम्ही कागद आवरीत असता आठवीतील एक मुलगी पुढे आली आणि भीतभीत म्हणाली, “सर, त्या तलवारीच्या जागी आमच्या घरची विळी ठेवली असती, तर गोळी कापली गेली नसती का?”

आम्ही हसलो. “चांगला प्रश्न आहे हो,” असे काहीसे बोललो आणि निघालो. पण तो प्रश्न आमच्या पाठोपाठ घरापर्यंत आला. आम्ही तिघांनीही विज्ञान शिकविण्यात किंवा शिकण्यात आयुष्याची बरीच वर्षे घालविली आहेत. असे असूनही, जो प्रश्न आम्ही व्यासपीठावरून विचारावयास हवा होता, तो एका तेरा वर्षांच्या मुलीने विचारला, आणि आम्ही तिला उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. तलवारीवर गोळी झाडण्याचे प्रयोग अनेकांनी केले आहेत. त्यांतील अतिशय गाजलेला प्रयोग जपानच्या फुजी दूरचित्रवाणीवरील ‘तोरिबिया नो इझुमी’ या कार्यक्रमातला. किरकोळ पण चमत्कारिक माहितीचा झरा, असा त्या नावाचा अर्थ. २००२ ते २००६ या काळात हा करमणुकीचा कार्यक्रम जपानमध्ये अत्यंत लोकप्रिय होता. त्यात पंचेचाळीस कॅलिबरच्या पिस्तुलाची गोळी तलवारीच्या धारेवर झाडण्यात आली, आणि ती खरोखरच दुभंगली. तेव्हा चित्रफीत खोटी आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. जे दिसले ते घडले. प्रश्न एवढाच आहे की, जे घडले त्यावरून काय सिद्ध झाले?

गोळी कशाची असते, येथून आरंभ करू. पिस्तुलाची नेहमीची गोळी शिशाची असते व तिच्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ वेष्टन असते. शिसे हा धातू किती मऊ असतो हे आपल्या प्रयोगशाळेतही पाहता येईल. खनिजांची कठीणता मोजण्याची मोसची श्रेणी विद्यार्थ्यांनी भूगोलात वाचली असेल. तीत तालकाचा क्रमांक १ आणि हिऱ्याचा १०. आपल्या नखाचा क्रमांक सुमारे अडीच, आणि शिशाचा केवळ दीड! म्हणजे शिशावर नखानेदेखील ओरखडा उठतो. तांबे तीनच्या आसपास येते. उलट, नीट पाणी दिलेल्या पोलादी धारेने काचेवरही चरा उमटू शकतो. अशा धारेवर शिसे वेगाने येऊन आदळले तर दोहोंपैकी कोण कापले जाईल, याविषयी पैज लावण्याचे काही कारण नाही. गोळीचा वेग पाहून आपण दिपून जातो व ती कशाची घडविली आहे हे विसरतो. सुरीने लोणी कापले म्हणून आपण सुरीची प्रशंसा करीत नाही. मग लोणीच वेगाने सुरीवर येऊन आदळले, तर प्रशंसा का करावी?

याहूनही बोलका पुरावा अमेरिकेतील नेमबाजीच्या खेळांत मिळतो. तेथील प्रदर्शनांत निष्णात नेमबाजांचा एक जुना खेळ आहे. कुऱ्हाड धार समोर करून उभी करतात, तिच्या दोन्ही अंगांस एकेक लक्ष्य ठेवतात आणि नेमकी धारेवर गोळी झाडतात. गोळीचे दोन भाग होतात आणि दोन्ही लक्ष्ये एकाच बारात फुटतात. लाकूड फोडण्याची कुऱ्हाड ती! ना तिच्यावर कोण्या थोर लोहाराची मुद्रा, ना तिच्यामागे शतकांची परंपरा. तीही गोळी दुभंगते. आमच्या विद्यार्थिनीची विळी नीट, न हलेल अशी बसविली, तर तीही हेच करील असे मानण्यास बळकट आधार आहे. तिचे पाते कदाचित वाकेल, धारेला दाते पडतील; पण शिसे तिच्यापुढेही शिसेच राहील.

आता या खेळातून निघणारी दुसरी गोष्ट लक्षात घ्या. गोळीचे दोन तुकडे झाल्यावर ते थांबले का? नाही, थांबले असते तर मागची लक्ष्ये फुटली नसती. मऊ धातूच्या लहानशा गोळीची फाळणी करण्यास तिच्यातील शक्तीचा थोडाच अंश लागतो. उरलेली शक्ती घेऊन दोन्ही तुकडे पुढे जातात. चित्रफितीत तलवारीच्या मागे कोणी मनुष्य उभा असता, तर त्याला एका जखमेऐवजी दोन झाल्या असत्या. ‘तलवारीने गोळी परतविली’ हा जो भाव श्रोत्यांच्या मनात उत्पन्न झाला आणि ज्याला आम्ही टाळ्या दिल्या, तो त्या प्रयोगात कोठेच नव्हता. तो आम्ही आमच्या मनाने भरला.

त्याच जपानी कार्यक्रमात पुढे ब्राउनिंग एम-टू या जड मशीनगनसमोर तलवार ठेवण्यात आली. हा भाग आमच्या वक्त्याने सांगितला नव्हता. कदाचित त्याच्या पाहण्यातही आला नसेल. या वेळीही पहिल्या काही गोळ्या धारेवर फुटल्या. परंतु एकामागून एक आघात होताच पाते मोडून पडले. यात आश्चर्य करण्याजोगे काही नाही, हे नववीच्या विद्यार्थ्यालाही कागदावर मांडून दाखविता येईल. पंचेचाळीस कॅलिबरच्या गोळीचे वस्तुमान सुमारे १५ ग्रॅम आणि वेग सेकंदाला सुमारे २५५ मीटर. वस्तुमानाच्या निमपटीला वेगाच्या वर्गाने गुणले की गतिज ऊर्जा येते. ती सुमारे ४९० जूल भरते. मशीनगनच्या गोळीचे वस्तुमान सुमारे ४३ ग्रॅम आणि वेग सेकंदाला सुमारे ८९० मीटर धरला, तर ऊर्जा होते सुमारे १७,००० जूल, म्हणजे जवळजवळ ३५ पट! शिवाय या मशीनगनच्या नेहमीच्या गोळीत नुसते शिसे नसून सौम्य पोलादाचा गाभा असतो. वस्तुमान तिप्पटही झाले नाही, पण वेग साडेतीन पट होताच ऊर्जा इतकी फुगली. कारण तेथे वेगाचा वर्ग येतो. हे सूत्र आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि मुले दरवर्षी ते पाठ करतात. त्या दिवशी सभागृहात ते आम्हांपैकी एकालाही आठवले नाही!

एवढ्यावरून कोणी असे समजू नये की, आम्ही कातानाची किंमत कमी करू पाहत आहोत. आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. तिचा खरा गुण या प्रयोगात दिसतच नाही, ही आमची तक्रार आहे.

कठीणपणा आणि चिवटपणा हे धातूचे दोन निरनिराळे गुण होत, आणि त्यांचे सहसा पटत नाही. काच कठीण, पण ठोकर लागताच फुटणारी. शिसे चिवट, हातोड्याने कितीही ठोका, चेपेल पण फुटणार नाही; परंतु त्याला धार कशी लागणार? पोलादात कार्बन वाढवून आणि त्याला तापवून पाण्यात बुडवून कठीण करावे, तर ते ठिसूळ होते. मऊ ठेवावे, तर धार टिकत नाही. जगातील प्रत्येक तलवार घडविणाऱ्या लोहारापुढे हेच कोडे होते. जपानी लोहारांनी ते ज्या रीतीने सोडविले, ती रीत पाहण्यासारखी आहे.

लोहवाळू आणि लोणारी कोळसा यांपासून ‘तातारा’ नावाच्या मातीच्या भट्टीत तीन दिवस आणि तीन रात्री खपून ते पोलाद काढतात. एका खेपेस सुमारे १० टन वाळू आणि १२ टन कोळसा लागतो. निघणारा गोळा सुमारे अडीच टनांचा असतो, आणि त्यातील उत्तम प्रतीचे पोलाद त्याच्या निम्म्याहूनही कमी. या पोलादास ‘तामाहागाने’ म्हणतात. ते तापवून, ठोकून, घडी घालून पुन्हा ठोकतात. अशा दहा-पंधरा घड्या पडल्या की थरांची संख्या हजारांवर जाते. बाहेरचे कवच कठीण पोलादाचे आणि आतला गाभा मऊ पोलादाचा, अशी बहुधा रचना करतात. मग येते पाणी देण्याची वेळ. पात्यावर मातीचा लेप लावतात. पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. तापलेले पाते पाण्यात बुडविले की पातळ लेपाखालची धार झटकन थंड होऊन अतिशय कठीण बनते; जाड लेपाखालची पाठ सावकाश थंड होते आणि मऊ, चिवट राहते. पात्याला जो मोहक बाक येतो तोही मुख्यत्वे याच क्षणी येतो, आणि धारेलगत लाटेसारखी जी पांढुरकी रेषा दिसते ती या दोन पोलादांची सीमारेषा होय. आपल्या भाषेत ‘पाणीदार’ हा शब्द शूरासाठी वापरतात. तो लोहाराच्या याच कृतीची आठवण देणारा आहे.

आता सांगा, धारेवर मऊ गोळी झाडल्याने यातील काय तपासले गेले? केवळ धार शिशाहून कठीण आहे, एवढेच. मऊ पाठ, तिचा चिवटपणा, थरांची घडण, पाणी देणाऱ्याच्या डोळ्यांचा अंदाज, यांपैकी काहीही तेथे कसोटीस लागले नाही. चिवटपणा पाहावयाचा तर आघात पात्याच्या सपाट अंगावर व्हावयास हवा. तेथे मात्र निरनिराळ्या तलवारी निरनिराळे वागतील. आजकाल ‘काताना’ या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. एक म्हणजे जपानमध्ये परवानाधारक लोहाराने घडविलेली. १९४५ च्या पराभवानंतर तेथे तलवारी घडविण्यास बंदी होती. ती उठल्यावर हे काम कायद्याच्या चौकटीत आणि कलावस्तू म्हणून सुरू झाले. परवान्यासाठी गुरूच्या हाताखाली किमान पाच वर्षे उमेदवारी करावी लागते, आणि लोहाराला महिन्याला दोनच लांब तलवारी घडविण्याची मुभा असते. दुसरी म्हणजे निरनिराळ्या देशांतील कारखान्यांत आधुनिक पोलादापासून बनविलेली. त्यांतील पुष्कळ तलवारी मालमोटारीच्या कमानपाट्यांसाठी वापरतात त्या जातीच्या पोलादाच्या असतात. असे पाते सर्वांगी सारखे कठीण केले तर वाकवून सोडल्यावर पुन्हा सरळ होते. परंपरागत काताना मोडण्यापेक्षा वाकणे पत्करते, पण एकदा वाकली की बहुधा वाकलेलीच राहते. टिकाऊपणा हाच एकमेव निकष धरला, तर ट्रकच्या कमानीचे पोलाद त्या पूज्य तलवारीहून सरस ठरण्याचा संभव आहे! पण म्हणून कोणी कमानपाटा संग्रहालयात ठेवीत नाही, आणि ते योग्यच आहे.

कसोटी हा शब्द आपल्याकडे सराफाच्या पेढीवरून आला. काळ्या दगडावर सोने घासून त्याचा कस पाहतात, ती कसोटी. त्या दगडावर सोन्याचाच कस लागतो. पैठणीचा कस पाहण्यास कोणी तो दगड काढीत नाही. कसोटी वस्तूच्या कामाशी जुळणारी असावी लागते, हे सराफाला जेवढे कळते तेवढे आपल्याला का कळू नये?

जपानी लोकांना ते चांगले कळत होते. पोर्तुगीजांबरोबर १५४३ साली तानेगाशिमा बेटावर तोड्याच्या बंदुका आल्या आणि थोड्याच वर्षांत जपानी कारागीर त्या स्वतः बनवू लागले. तेव्हा तेथील चिलखत बनविणाऱ्यांनी काय केले? त्यांनी चिलखताच्या छातीच्या पत्र्यावर बंदुकीची गोळी झाडून पाहिली, आणि जो पत्रा टिकला त्यावरील खळगा न बुजविता तसाच ठेवून गिऱ्हाइकाला दाखविला. हा खळगा म्हणजे त्या पत्र्याचे प्रमाणपत्रच! चिलखताचे काम गोळी अडविणे, म्हणून त्याची कसोटी गोळीने. तलवारीची कसोटी मात्र त्यांनी गोळीने घेतली नाही. ती कापण्याचे हत्यार, म्हणून तिची परीक्षा कापूनच घेत. पेंढ्याच्या भिजविलेल्या गुंडाळ्यांवर ती आजही घेतात. एके काळी देहान्त शिक्षा झालेल्यांच्या प्रेतांवरही घेत असत, हे सांगताना अंगावर शहारा येतो. पण तलवार कशासाठी असते याचे स्मरण राहावे म्हणून तेही सांगणे आम्हांस भाग आहे. आणि बंदुकीपुढे तलवारीचे काय होते, याचा निकाल शिकंजातील पात्याने नव्हे, तर रणभूमीने दिला. १५७५ साली नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागाच्या बंदुकांपुढे ताकेदांच्या नावाजलेल्या योद्ध्यांचा संहार झाला. पुढे १८७६ साली सरकारने सामुराईंना तलवार बाळगून रस्त्यात हिंडण्यास मनाई केली. तलवारीची धार त्या दिवशी कमी झाली नव्हती. तिचे काम संपले होते.

मग योग्य प्रयोग कसा असता? आमच्या विद्यार्थिनीने त्याचा अर्धा भाग सांगूनच ठेवला आहे. तलवारीच्या शेजारी विळी हवी. त्याच शिकंजात, त्याच अंतरावरून, त्याच जातीच्या गोळीने, एकापाठोपाठ एक अशी निरनिराळी पाती तपासावयास हवीत: साधी विळी, कारखान्यातील पाते, कमानीच्या पोलादाचे पाते आणि लोहाराने घडविलेली काताना. आघात धारेवर, सपाट अंगावर आणि पाठीवर असे तीन ठिकाणी करावेत. प्रत्येक बारानंतर धारेचा दाता किती खोल पडला, पाते किती अंश वाकले, तडा गेला की नाही, हे मोजून लिहावे. एकदा होऊन भागणार नाही, पुनःपुन्हा करावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काय झाले असता तलवार ‘नापास’ समजावयाची, हे बार काढण्यापूर्वीच लिहून ठेवावे. ज्या परीक्षेत कोणीच नापास होऊ शकत नाही, ती परीक्षा कसली? वार्षिक परीक्षेत आम्ही ‘आपल्या शाळेचे नाव लिहा’ एवढाच प्रश्न घातला, तर सर्वच मुले पहिल्या क्रमांकाने येतील, पण त्यावरून कोणाचे गणित चांगले हे कळणार नाही. (हे वाचून काही विद्यार्थी तशी मागणी करतील, ती मान्य होणार नाही.)

येथे एक सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. हा प्रयोग वाचण्यासाठी आहे, करण्यासाठी नाही. फुटलेल्या गोळीचे आणि मोडलेल्या पात्याचे तुकडे कोणत्या दिशेने उडतील हे कोणालाच सांगता येत नाही. बाजारात मिळणारी शोभेची तलवार भिंतीवरून काढून तिच्याशी खेळण्याचा मोहही कोणी धरू नये.

जिज्ञासूंनी पोलादाची परीक्षा कशी केली, याचा एक धडा आपल्या अगदी घराजवळचा आहे. आपल्या तेलंगणाच्या निजामाबाद भागात कोनसमुद्रम्‌ नावाचे गाव आहे. तेथे आणि आसपासच्या गावांत मातीच्या मुशीत एक अपूर्व पोलाद तयार होत असे. त्याला इंग्रज लोक ‘वुट्झ’ म्हणत. इराणपर्यंतचे व्यापारी ते विकत घेण्यास येत. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लंडनमध्ये मायकेल फॅरडे याच्या हाती अशा भारतीय पोलादाचे नमुने आले. फॅरडे हा स्वतः लोहाराचा मुलगा. त्याने ते पोलाद कशावर आपटून पाहिले नाही, की त्याने काय काय कापले जाते याचा खेळ मांडला नाही. हे असे का आहे, हा प्रश्न त्याने विचारला आणि रासायनिक पृथक्करण केले. त्याचे उत्तर चुकले! त्या पोलादाचा गुण त्यातील अत्यल्प सिलिका आणि ॲल्युमिना यांत आहे, असे त्याला वाटले. खरे कारण प्रामुख्याने त्यातील भरपूर कार्बन आणि ते घडविण्याची रीत, हे पुढे इतरांनी दाखविले. परंतु आपण काय केले हे त्याने लिहून ठेवले होते, म्हणूनच त्याची चूक इतरांना शोधता आली. लोकांना चकित करणाऱ्या शंभर खऱ्या चित्रफितींपेक्षा अशी एक प्रामाणिक चूक आम्हांस मोलाची वाटते. तिच्यातून ज्ञान पुढे जाते. चित्रफितीपुढे आपण फक्त तोंडात बोट घालून बसतो.

आजच्या विद्यार्थ्याच्या हाती दिवसाकाठी किती चित्रफिती येतात याची गणतीच नाही. त्यांतील खोट्या ओळखावयास शिका, असे सर्वजण सांगतात, आणि ते खरेच आहे. पण आमच्या अनुभवाने आम्हांस दुसरे भय दाखविले. खोट्या चित्रफितीने आम्हांला फसविले नव्हते. चित्रफीत अगदी खरी होती. आम्ही फसलो ते तिच्यातून हवा तो अर्थ काढून. जुने ते श्रेष्ठ, असे ऐकावयास आम्हांला गोड वाटत होते. गोळी दुभंगलेली पाहिली आणि जे आधीपासून मनात होते ते सिद्ध झाले असे आम्ही मानले. जुन्या कारागिरीचा आदर आम्हांलाही आहे. पण तो आदर ती कारागिरी समजून घेऊन करावयाचा असतो. जपानी लोहाराने पाच वर्षे गुरूच्या भट्टीपुढे घाम गाळून जे साधले, त्याला ‘गोळी कापणारी तलवार’ म्हणणे हा त्याचा गौरव नव्हे. कुऱ्हाडीलाही जे साधते तेवढ्याचेच श्रेय त्याला देणे होय.

बक्षीस मिळविणाऱ्या विद्यार्थ्याविषयी कोणाचा गैरसमज होऊ नये. त्याचे वक्तृत्व उत्तम होते, आणि ते पारितोषिक त्याचेच आहे. हा लेख छापण्यापूर्वी आम्ही त्याला वाचावयास दिला. वाचून तो म्हणाला, “सर, मशीनगनचा भाग मला माहीत असता, तर तोही सांगितला असता.” आम्हांला हे उत्तर फार आवडले. चूक त्याची नव्हती. प्रश्न विचारण्याचे काम परीक्षकांचे होते.

यंदापासून वक्तृत्व स्पर्धेच्या नियमांत आम्ही एक भर घालीत आहोत. प्रत्येक भाषणानंतर श्रोत्यांतील कोणाही विद्यार्थ्यास वक्त्याला एक प्रश्न विचारता येईल, आणि उत्तम प्रश्नास स्वतंत्र पारितोषिक राहील. पहिला प्रश्न विचारण्याचा मान आमच्या त्या विद्यार्थिनीस, आता ती नववीत गेली आहे, द्यावयाचे ठरले आहे. गेल्या वर्षी तिला उत्तर न देता आम्ही हसून निघून गेलो होतो, त्याबद्दल आम्ही तिची येथे क्षमा मागतो. तिच्या घरच्या विळीस आमचा नमस्कार सांगावा.